पाणी गेलं कुठं?

नायकवडी मॅडम गाडीत बसल्या की लगेच गाडी सुरू करत नसत. किल्ली अर्धीच फिरवायच्या. समोरचे सगळे दिवे लागायचे, आणि मग त्या एकेका दिव्याकडे बोट करून हजेरी घ्यायच्या. "ऑइल. बॅटरी. हँडब्रेक. कूलंट." वर्गात पोरांची नावं घेताना लागायचा तोच आवाज. मग किल्ली पूर्ण फिरायची, इंजिन सुरू व्हायचं, दिवे विझत जायचे. शेवटचा विझला की म्हणायच्या, "चला. आता कुणाची तक्रार न्हाई." पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, बाई प्रवासाआधी काहीतरी पुटपुटून प्रार्थना करतायत.

आमची शाळा गगनबावड्याच्या अलीकडे, आणि आम्ही राहायला कोल्हापुरात. मी मराठी शिकवायला रुजू झाले तेव्हा एसटीनं जायचे आणि वाटेतल्या कळे गावापर्यंत पोचेतो माझं तोंड लिंबासारखं व्हायचं. मॅडमनी ते स्टाफरूममध्ये दोन-चार दिवस पाहिलं असावं. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "गाडी लागतीया व्हय तुला? मग उद्यापासनं माझ्यासंगट ये. पुढं बस. पाटील सर बसतील मागं." पाटील सर गणिताचे. ते आधीपासून त्यांच्या गाडीतून यायचे आणि पुढच्या सीटवर बसायचे. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते निमूटपणे मागे बसलेले होते.

गाडी मूळची मॅडमच्या यजमानांची. ते महसूल खात्यात होते. मॅडम त्यांचा उल्लेख नेहमी 'आमचे साहेब' असा करायच्या. साहेब अचानक गेले, आणि ती करड्या रंगाची गाडी वर्षभर दारातल्या लिंबाखाली उभी राहिली. मुलगा इम्रान पुण्यात नोकरीला. त्यानं ती विकायचं ठरवलं, गिऱ्हाईकही आणलं. तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या या बाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन नाव घालून आल्या. "गिऱ्हाईक गाडीला लाथ घालून टायर बघालतं," त्या मला सांगायच्या. "मी म्हटलं, तू जा बाबा. मीच शिकतो." कोल्हापूरच्या बायकांची जुनी सवय, स्वतःबद्दल बोलतानाही येतो, जातो, शिकतो. वर्गात मात्र त्यांची मराठी अगदी पुस्तकी असे. शाळेचं फाटक ओलांडलं की ती उतरवून ठेवायच्या.

इम्राननं आईच्या हट्टापुढे हात टेकले, पण एक अट घातली. गाडीनं भर रस्त्यात एकदा जरी दगा दिला, तरी ती विकायची. मॅडमनी अट मान्य केली होती. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्यांनीच ते सांगितलं होतं.

त्या भूगोल शिकवायच्या. पाठ नद्यांचा असला की वर्गाला मैदानात न्यायच्या, तांब्याभर पाणी उंचवट्यावर ओतायच्या आणि पोरांना ते कुठं जातं ते बघत बसायला लावायच्या. एखादा पोरगा म्हणायचा, "संपलं की मॅडम." मग त्यांचा आवाज चढायचा. "संपलं? पाणी संपत नसतं. मातीत गेलं, हवेत गेलं, नाहीतर कुणीतरी प्यालं. कुठं गेलं ते सांग." पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर कुंभी नदीचं पाणी यायचं तेव्हा इतर लोक शिव्या द्यायचे. मॅडम गाडी उभी करून काच खाली घ्यायच्या आणि पाणी कोणत्या शेतातून आलंय ते बघायच्या.

कूलंटचा दिवा पहिल्यांदा लागला तो अशाच एका पावसाळ्यात. चढ नव्हता, गर्दी नव्हती. कळ्याच्या पुढे गाडी संथ चालली होती आणि पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरचं ते लाल चित्र समोर उजळलं. शेजारचा काटाही वर सरकत होता. मॅडमनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. वाफेचा एक लोट बाहेर आला. पाटील सर रुमाल हातात गुंडाळून रेडिएटरची टोपी उघडायला पुढे सरसावले.

"हात लावायचा न्हाई!" मॅडम इतक्या जोरात ओरडल्या की बांधावरची म्हैस वळून बघू लागली. "उकळतं पाणी तोंडावर घेतायसा काय? निवू द्या की."

"उशीर होतोय, मॅडम. पहिला तास माझा आहे."

"तास बुडंल. तोंड भाजलं तर कुणाला शिकवणार?"

गाडी पुरती निवल्यावर त्यांनी टोपी उघडली. आतलं पाणी बरंच खाली गेलं होतं. बाटलीतलं पाणी घातलं, आणि आम्ही शाळेत पोचलो. संध्याकाळी उद्यमनगरात अशोक मिस्त्रीकडे गाडी गेली. अशोक साहेबांच्या वेळेपासूनचा. त्यानं इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट भरलं आणि म्हणाला, "झालं मॅडम. फुल्ल केलंय."

"भरलंस ते झाक केलंस. पर आधीचं गेलं कुठं?"

अशोक गाडीखाली शिरून बघून आला. थेंबही नव्हता. त्यानं रेडिएटरची टोपी बदलली, रबरी पाइप बदलले, पंखा फिरतो का ते पाहिलं. पंधरवडा बरा गेला आणि दिवा पुन्हा लागला. अशोकनं आणखी काही बदललं. पुन्हा तेच. दर वेळी गाडी भरून मिळायची, आणि दर वेळी मॅडमचा तोच प्रश्न. शेवटी अशोक वैतागून म्हणाला, "आता हेड उतरवूनच बघाय पायजे. इंजिन आतनंच पाणी पीत असंल."

"असंल?" मॅडम म्हणाल्या. "असंल म्हणून कुणाचं पोट फाडतात व्हय? आधी बघूया."

या दिवसांत त्या रोज सकाळी दारातली फरशी वाकून बघायच्या. गाडीखाली कोरडा पुठ्ठा अंथरून ठेवायच्या. पुठ्ठा सकाळी कोरडाच. मला त्या वेळी हे सगळं जरा अतीच वाटायचं. पाणी कमी होतंय तर घालावं आणि जावं, असं पाटील सरांचं मत होतं आणि मनातून माझंही. आता वाटतं, मॅडमना भीती इंजिनाची नव्हतीच. शाळेत जाणं, बाजारात जाणं, मनात आलं की कणेरीपर्यंत चक्कर मारून येणं, साहेब गेल्यावर त्यांनी स्वतःसाठी जे काही उभं केलं होतं ते सगळं त्या एका लाल दिव्यापाशी येऊन थांबलं होतं. पण त्या तसं कधी बोलल्या नाहीत.

मग तो दिवस आला. मधल्या सुट्टीत मला घरून फोन आला. आई मोरीत घसरून पडली होती आणि तिला उठता येत नव्हतं. भाऊ तिला दवाखान्यात घेऊन निघाला होता. मी मोबाइल हातात धरून व्हरांड्यात नुसती उभी राहिले. मॅडम वर्गातून बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं, आणि एकही प्रश्न न विचारता हेडसरांच्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात किल्ली होती. पाटील सरांनाही सोबत घेतलं होतं.

असळजच्या पुढे दिवा लागला. पाऊस पडत होता. काटा वर चढताना मला दिसत होता आणि मी तो न दिसल्यासारखं करत होते. मॅडमनी गाडी कडेला घेतली.

"मॅडम, थांबू नका. थोडं तरी जाऊ द्या, प्लीज. निदान कळ्यापर्यंत."

"इंजिन बसलं तर कळंबी न्हाई आन् कोल्हापूरबी न्हाई."

मला रडू फुटलं. आई एकटी आहे, तिला माझ्याशिवाय कुणाचं पटत नाही, असलं काहीबाही मी बोलत होते. मॅडमनी ते ऐकून घेतलं. समजूत घातली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. छत्री उघडून त्या भर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. मागून दुधाचा टेंपो आला. त्याला थांबावंच लागलं.

"पावणं, कोल्हापूरला ना? ह्या पोरीला घ्या. तिची आई दवाखान्यात हाय."

"बाई, पुढं जागा न्हाई, क्लीनर हाय—"

"क्लीनर मागं कॅनात बसंल. पोरगी पुढं बसंल. तिला गाडी लागतीया, काचंकडंला बसवा."

क्लीनर ताडपत्रीखाली गेला. मी चढले. खिडकीतून मागे पाहिलं तेव्हा मॅडम बॉनेटला आधाराची काडी लावत होत्या आणि पाटील सर त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते.

नंतरचं मला पाटील सरांनी सांगितलं. मॅडम कडेच्या दगडावर बसून शांतपणे चाचणीचे पेपर तपासत राहिल्या. समोरच्या घरातल्या बाईनं चहा आणून दिला, कळशीभर पाणी दिलं. गाडी निवल्यावर पाणी भरून निघाल्या आणि हीटर पूर्ण लावला. "इंजिनाची ऊब आपण घ्यायची, म्हंजे त्याला हलकं वाटतंय," असं त्यांचं स्पष्टीकरण. काचा खाली, बाहेर पाऊस, आत भट्टी. दर थोड्या अंतरावर थांबत, काटा खाली आला की पुन्हा निघत त्या कोल्हापुरात पोचल्या. पाटील सरांना घरी सोडून थेट दवाखान्यात आल्या.

आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं होतं. ती जागी होती, पण दुखण्यानं तिचा चेहरा अगदी आवळून गेला होता. मॅडम केळी घेऊन वॉर्डात शिरल्या तेव्हा दारापाशी फरशी पुसणाऱ्या मावशी तणतणत होत्या. "ह्या चपला कुनाच्या? कितीबी पुसा, फरशी तेलकटच लागतीया."

चपला माझ्या होत्या. पावसाळी, रबरी. मी त्या उचलायला उठले, तोवर मॅडम तिथं खाली बसल्या होत्या. त्यांनी एक चप्पल उचलली, बोटानं तळ पुसला, बोट बोटावर चोळलं. आणि मग, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, माझी चप्पल नाकाशी नेऊन वास घेतला.

"मॅडम! काय करताय?"

"गोड वास येतोय," त्या म्हणाल्या. "गाडीत पाय कुठं ठेवतीस तू?"

"खालीच. मॅटवर. मॅट ओलंच असतं की पावसाळ्यात."

"पाऊस गोड असतोय व्हय गं? चिकट असतोय?" त्या उठून उभ्या राहिल्या. "येताना हीटर लावला तर काच आतनं धुरकट व्हायली. पुसली तर बोटाला चिकटली. मला वाटलं, पाटील सरांच्या डोक्याचं तेल." एवढं बोलून त्या तरातरा जिन्यानं खाली गेल्या.

थोड्या वेळानं परत आल्या. उजव्या हाताची बोटं हिरवी झाली होती. ती त्यांनी सरळ माझ्या आईच्या डोळ्यांसमोर धरली. "काकू, सापडलं. तुमच्या लेकीच्या पायाखाली."

"काय सापडलं?" आईनं क्षीण आवाजात विचारलं.

"पाणी. एवढे दिवस सगळे गाडीखाली शोधालतो. ते गाडीतच."

आईला त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक, पण त्या दिवसात ती पहिल्यांदा हसली. हसताना खुबा दुखला म्हणून कळवळली, आणि पुन्हा हसली.

मॅडमना त्याच वेळी, कुणाला काही न कळवता, घरी जाता आलं असतं. त्या कॉरिडॉरच्या टोकाला गेल्या आणि इम्रानला फोन लावला. मी पाण्याची बाटली भरायला तिथंच उभी होते. आज गाडी रस्त्यात बंद ठेवावी लागली, एका अडलेल्या मुलीला दुसऱ्याच्या गाडीत बसवून द्यावं लागलं, असं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. "हां बेटा," त्या म्हणत राहिल्या. "हां. तू ये."

रविवारी इम्रान आला. माझ्या आईचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं. दवाखान्यातून घरी जाता जाता मी उद्यमनगरात डोकावले. अशोकनं पुढचा गालिचा उचलून ठेवला होता; खालचा स्पंज हिरव्या पाण्यानं गच्च भरलेला. हीटरसाठी डॅशबोर्डच्या पोटात एक छोटा रेडिएटर असतो, तो झिरपत होता. पाणी बाहेर न पडता आतल्या आत माझ्या पायांपाशी उतरत होतं, आणि गगनबावड्याच्या पावसात ओल्या मॅटचा संशय कुणाला येणार?

"विकायचं ठरलंय ना, अम्मी?" इम्रान म्हणाला. आवाजात राग नव्हता, काळजीच होती.

"ठरलंय. मी कुठं न्हाई म्हणालो? पण दुरुस्त करून विकू. आपला रोग दुसऱ्याच्या गळ्यात कशाला?"

अशोकनं सोपा उपाय सुचवला. हीटरचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाकायचे, हीटर बंद. "कोल्हापुरात हीटर कोण लावतंय, मॅडम?" पण मॅडमनी मान हलवली. गाडी घेणारा गगनबावड्याचा निघाला तर? धुक्यात काच कशानं साफ करणार तो? मग सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागला. काम काही दिवस चाललं. इम्राननं रजा वाढवून घेतली आणि रोज तिथं स्टुलावर बसून राहिला.

काम झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "चालवून बघाय पायजे. लांब." इम्रान पुढच्या सीटवर बसायला गेला, तर त्यांनी त्याला मागे बसवलं; पुढचा गालिचा उचलून खालची जागा कोरडी राहते का ते त्यांना बघायचं होतं. दोघं गगनबावड्यापर्यंत गेली आणि आली. त्या सहलीबद्दल मॅडमनी मला एवढंच सांगितलं : "साळवणला आरशात बघितलं तर पोरगं मागं गाढ झोपलेलं. तोंड उघडं टाकून. बापाच्या गाडीत झोपायचं तसं." पुण्याला परत जाताना इम्राननं गाडीचा विषय काढला नाही. पुढंही कधी काढला नाही.

त्यानंतर आम्ही त्या गाडीतून कित्येक वर्षं गेलो-आलो. मॅडमच्या आग्रहानं मीही लायसन्स काढलं. पण त्या बाजूला असताना चालवायचं धाडस मला होत नसे.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी, एका धुक्याच्या सकाळी, डाव्या कडेनं एक म्हातारे सायकलवर वैरणीचा भारा घेऊन चालले होते. गाडी सरळ त्यांच्या दिशेनं जात होती. मी ओरडले, "मॅडम!" त्यांनी ब्रेक दाबला. धक्का लागला नाही, भाराही पडला नाही. त्या उतरल्या आणि म्हाताऱ्यांना हात जोडले. "काय न्हाई बाई, वाटंला असं व्हतंय," म्हणून ते पुढे गेले.

मॅडम तिथंच उभ्या राहिल्या. एक डोळा हातानं झाकून समोरच्या विजेच्या खांबाकडे पाहिलं. मग दुसरा झाकला. मान वळवून पुन्हा पाहिलं.

"धुकं होतं, मॅडम," मी म्हणाले.

"धुकं तुझ्यापुढंबी होतं. तुला दिसला. मला न्हाई दिसला."

त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि डाव्या बाजूनं जाऊन बसल्या. शाळेपर्यंत मी गाडी तीनदा बंद पाडली. पुढे डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेली ती परत यायची नव्हती, उरलेली औषधानं टिकवायची. त्या दिवसानंतर मॅडमनी स्टिअरिंगला हात लावला नाही. कुणाला तसं सांगावंही लागलं नाही. निवृत्तीनंतर त्या इम्रानकडे पुण्याला जायला तयार झाल्या आणि गाडी मला देऊन टाकली.

गेल्या वर्षी इम्रानचा फोन आला. अम्मी दुपारी वामकुक्षीला आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत, म्हणाला. मी पुण्याला जाऊन आले. इतकी माणसं बोलत होती त्यांच्याबद्दल. मला मात्र एकच फेरी आठवत होती.

निवृत्तीनंतर पुण्याला राहायला जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला म्हटलं होतं, "एकदा वर गगनबावड्याला नेऊन आण गं मला." आम्ही दोघीच निघालो. श्रावण संपत आला होता, ऊन-पाऊस चालू होता. कडेचं दिसत नसल्यामुळे त्या बाहेर बघायला मान पूर्ण वळवायच्या, एकदा या काचेकडे, एकदा त्या. कळं गेलं, साळवण गेलं. असळजच्या पुढे डोंगर जवळ आले. पाण्याच्या पांढऱ्या धारा कातळावरून उतरत होत्या.

"इतकी वर्षं ह्याच रस्त्यानं गेलो," त्या म्हणाल्या, "पण माझे डोळे सगळे रस्त्यावरच. हे न्हाईच बघितलं कधी नीट."

त्यांनी काच पूर्ण खाली घेतली. वाऱ्याबरोबर पावसाचे थेंब आत येत होते, त्यांच्या चष्म्यावर बसत होते. त्या ते पुसतही नव्हत्या.

"हळू घे," त्या म्हणाल्या. "मला बघू दे."

मी वेग कमी केला. मागं एक ट्रॅक्टर होता, त्यानं हॉर्न दिला. मी चटकन आरशात पाहिलं आणि वेग वाढवायला लागले, तसा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"जाऊ दे की त्याला पुढं," त्या म्हणाल्या.

मी गाडी कडेला घेतली. ट्रॅक्टर पुढे निघून गेला, त्याचा आवाज वळणाआड विरला. आणि मग बराच वेळ आम्ही दोघी तिथं थांबलो. त्या डोंगराकडे मान वळवून बघत होत्या, आणि मी त्यांच्याकडे.